एकशे चौऱ्याऐंशी ग्रॅमची शेळी

वाचनाची आवड लहानपणीच लावावी लागते. मोठेपणी ती लावता येत नाही, कारण मोठ्या माणसांना मुलांना वाचनाची आवड लावण्याच्या कामातून सवड मिळत नाही. मी स्वतः या कामात गेली दोन वर्षं गळ्यापर्यंत बुडालेलो आहे आणि या काळात एक पुस्तक सोडता माझ्याकडून काहीही वाचून झालेलं नाही. तेही मी कर्तव्य म्हणून वाचलं. त्याची हकीगत खाली यथाक्रम देत आहे.

प्रथम माझ्याविषयी. मी वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक होतो. दुकानात जायचं, वजनं तपासायची, बरोबर असतील त्यांवर शिक्का मारायचा, तफावत असेल ती जप्त करायची, हे माझं काम. बाजारात माझ्यामागे मला 'गुंजभरसाहेब' म्हणत, कारण गुंजभर फरकही मी सोडत नसे. (समोर काहीच म्हणत नसत. समोर चहा मागवत. मी घेत नसे.) निवृत्त झाल्यावरही माणसाला कशाचं तरी वजन करावंसं वाटतं. घरात मी काही महिने साखरेचे डबे, साबणाच्या वड्या आणि नातीचं दप्तर तोलून पाहिलं. मग एक दिवस सूनबाई फार गोड आवाजात म्हणाली, "बाबा, वाचनालयाला म्हणे समितीवर माणसं हवी आहेत. तुम्ही का नाही जात?"

वाचनालयाच्या बालविभागाला खरं म्हणजे समिती नको होती, पुस्तकं हवी होती. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी तसा अर्ज केला होता. अर्ज एका ओळीचा होता: 'मुलांना आवडतील अशी पुस्तकं घ्यावीत, म्हणजे मुलं वाचतील.' इतक्या गंभीर विषयावर इतकं थोडकं लिहिलेलं पाहून कार्यकारी मंडळाला धक्काच बसला. त्यात उद्दिष्टं नव्हती, टप्पे नव्हते, साधं प्रास्ताविक नव्हतं. तेव्हा तो अर्ज विचारार्थ घेण्याजोगा व्हावा म्हणून एक समिती नेमण्यात आली. तिचं नाव 'बालवाचनानंद निश्चिती व संवर्धन समिती'. नावाचा फलक दारावर मावेना, म्हणून तो आडव्या भिंतीवर लावला आणि तिथलं पुस्तकांचं एक फडताळ काढून टाकलं.

अध्यक्ष होते एक निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचं भाषण 'आजकालची मुलं' या शब्दांनी सुरू होतं, आणि मध्ये चहा झाल्यास पुन्हा तिथूनच सुरू होतं. दुसरे सभासद दंतवैद्य. त्यांचा मुलांशी रोजचा संबंध येतो म्हणून. (या संबंधाबद्दल मुलांचं म्हणणं काय आहे, ते विचारलं गेलं नाही.) तिसरे गावातले फर्निचरवाले, ज्यांनी वाचनालयाला काचेचं कपाट भेट दिलं होतं आणि त्याची किल्ली स्वतःजवळ ठेवली होती. चौथा मी, सचिव. ग्रंथपाल बाई निमंत्रित होत्या, म्हणजे त्यांनी हजर राहायचं होतं, मत द्यायचं नव्हतं. मूल एकही नव्हतं. अठरा वर्षांखालच्या सभासदाची तरतूद घटनेत नाही.

पहिल्याच सभेत बाई म्हणाल्या, "मुलांनाच विचारू या ना, काय आवडतं ते." या सूचनेवर पाऊण तास चर्चा झाली आणि ती एकमताने फेटाळण्यात आली. या विषयात मुलांचे हितसंबंध गुंतलेले आहेत, त्यांना विचारलं तर ती आपल्या आवडीचंच सांगतील, असं अध्यक्षांनी दाखवून दिलं. त्याऐवजी प्रत्येक सभासदाने लहानपणी आपल्याला जे पुस्तक वाचायला लावलं होतं ते आठवून सांगावं, असं ठरलं. यादी तयार झाली. एकशे बारा पुस्तकं. त्यांत थोरांची चरित्रं एकेचाळीस, सवयी सुधारण्याविषयीची तेवीस, 'आपला मित्र' या मालिकेतली एकोणीस (आपला मित्र कोळसा, आपला मित्र जस्त, आपला मित्र शिस्त इत्यादी), आणि दातांविषयी नऊ. बाकीची संकीर्ण.

यांपैकी एकशे अकरा पुस्तकं आली. 'दीपगृहे : इतिहास व देखभाल' हे पुस्तक शिल्लक नव्हतं. पुस्तकविक्रेत्याने त्याच्याऐवजी, त्याच विषयावरचं म्हणून, 'दीपगृहातली शेळी' असं एक शहाण्णव पानांचं चोपडं पाठवलं. अध्यक्षांनी मुखपृष्ठ पाहिलं. त्यावर दीपगृह होतं. शेळीही होती, पण ती कोपऱ्यात होती. राहू दे म्हणाले.

पुस्तकं आली. आता मुलांना ती आवडतात की नाही हे ठरवायचं कसं, हा प्रश्न उभा राहिला. दंतवैद्यांनी असं सुचवलं की वाचताना मुलाचे किती दात दिसतात ते मोजावं; जितके जास्त दात, तितका जास्त आनंद. चाचणी घेतली. पण समोर दंतवैद्य बसलेले पाहून अठराच्या अठरा मुलांनी तोंडं घट्ट मिटून घेतली आणि निष्कर्ष शून्य निघाला. फर्निचरवाल्यांचं म्हणणं, पुस्तकं कपाटात ठेवून कुलूप लावावं. ज्या मुलाला खरी आवड असेल ते काचेला नाक लावून उभं राहील आणि काचेवरचे डाग मोजता येतील. हीही सूचना वाईट नव्हती, फक्त काच रोज पुसणार कोण यावर ती अडली.

शेवटी सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, "वजन करू या."

माझा एकतीस वर्षांचा अनुभव असा की वापरलेली वस्तू पूर्वीच्याच वजनाची राहत नाही. लोखंडी वजन झिजतं, पितळी वजनाला मळ धरतो. पुस्तक नेताना तोलायचं, आणताना तोलायचं, फरक टिपायचा. अध्यक्षांनी एक मार्मिक शंका काढली. वाचल्यावर पुस्तकातलं ज्ञान मुलात जातं, तर मग पुस्तक हलकं व्हायला नको का? ती पुढील संशोधनासाठी राखून ठेवली. नियमावली मी एका बैठकीत तयार केली. खात्याची जुनी नियमावली समोर घेतली, आणि जिथे जिथे 'वजन' होतं तिथे तिथे 'पुस्तक' लिहिलं. हवामानासाठी दोन ग्रॅम सूट ठेवली. कलम सात असं झालं: 'ज्या पुस्तकात सुटीपलीकडे तफावत आढळेल ते सदोष समजून तत्काळ जप्त करावे.' कलम आठ: 'जप्त पुस्तक वितळवून टाकावे.' सभेने नियमावली टाळ्या वाजवून मंजूर केली. तीत काही चुकतंय असं कुणालाच वाटलं नाही. मलाही नाही, आणि मी डोळ्यांत तेल घालून वाचणारा माणूस आहे.

सहा महिन्यांचे आकडे डोळे दिपवणारे होते. पुस्तकं बाहेर गेली सहाशे बेचाळीस वेळा. (पालक स्वतः मुलांचं मनगट धरून येत.) प्रत्येक पुस्तक घरी सरासरी चौदा दिवस राहिलं. परत आल्यावर तफावत: शून्य. ओल्या महिन्यात कागदाने दमट हवा धरली, तेवढा एकेक ग्रॅम वाढला, तोही सुटीच्या आत. मी प्रत्येक पुस्तकावर 'प्रमाणित' असा जांभळा शिक्का मारला. बाई म्हणाल्या, "साहेब, ही पुस्तकं उघडलीच नाहीत कुणी."

"उघडली नाहीत याला पुरावा काय, बाई?"

"पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत."

मी शेरा लिहिला: 'पानांची एकजूट उत्तम.' आमचा अहवाल वरच्या कार्यालयात गेला आणि 'शून्य तफावत वाचनालय' या सन्मानासाठी आमचं नाव निघालं. वार्षिक सभेत वरून अधिकारी येऊन मानपत्र देणार होते. अध्यक्षांनी भाषण लिहायला घेतलं.

अशा वेळी माझी नजर नोंदवहीतल्या एका ओळीवर गेली. 'दीपगृहातली शेळी', एकशे चौऱ्याऐंशी ग्रॅम. अठरा वेळा बाहेर गेलेली, अठरा वेळा परत आलेली, दर वेळी एकशे चौऱ्याऐंशी. ओल्या महिन्यातही एकशे चौऱ्याऐंशी. आपला मित्र कोळसा ओल धरतो, आपला मित्र जस्त ओल धरतो, आणि ही शेळी तेवढी कोरडी? बाजारात ज्याचं माप नेहमी तंतोतंत असतं, त्याच्या दुकानात मी आधी शिरत असे. मी न कळवता वाचनालयात गेलो.

बालविभागात खिडकीजवळच्या टेबलावर तराजू होता, आणि टेबलासमोर मुलांची रांग होती. समितीच्या पुस्तकांसाठी मी कधी रांग पाहिली नव्हती. रांगेत सर्वांत पुढे माझी नात उभी होती, वय वर्षं नऊ. मुदत वाढवून घ्यायला आली होती आणि मुदत वाढवतानाही वजन करावं लागतं. (कलम पाच.) बाईंनी पुस्तक एका पारड्यात ठेवलं, दुसऱ्यात एकशे चौऱ्याऐंशी ग्रॅमची वजनं. काटा मध्यावर येऊन थांबला. मी मागून पुढे झालो. एकतीस वर्षांत मी हे चारशेवर दुकानांत पाहिलेलं होतं.

"बाई," मी म्हटलं, "पारड्याखालची करंगळी काढा."

बाईंनी करंगळी काढली. पुस्तकाचं पारडं दाणकन टेबलावर बसलं. मी वजनं वाढवत गेलो. दोनशे तेरा.

एकोणतीस ग्रॅमची तफावत. आयुष्यात एवढी चोरी मी फक्त एका कांदेवाल्याकडे पकडली होती. बाई लाजल्या नाहीत की घाबरल्या नाहीत. म्हणाल्या, "कलम सात लावाल म्हणून घालत होते करंगळी. दुसरं काय करणार?" मी कलम सात लावलं. तेवढ्यात नातीने पुस्तकाची दुसरी बाजू धरली.

"आजोबा, माझी चोवीस पानं राहिलीत."

"नियम आहे बाळा."

"शेळी होडीत बसून गेलीय. एकटी. आणि धुकं आहे. ती परत येते का तेवढं बघू दे ना."

मी पुस्तक ओढून घेतलं. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिच्यामागे उभी असलेली मुलं एकेक करून रांगेतून निघून गेली, आणि बाई टेबलावरची वजनं डब्यात भरत बसल्या.

पंचनामा जागेवरच केला. सदोष पुस्तकात पुढील ऐवज मिळाला: बिस्किटाचा चुरा, पाच ठिकाणी. खूण म्हणून चिकटपट्टी, जखमेवरची, वापरलेली. पेन्सिलीची साल, दोन. वाळलेलं पान, एक. पेरूची बी, एक. पान अकरा ते सोळा पाण्यात पडून वाळल्यासारखी. पान एक्केचाळीसच्या समासात पेन्सिलीने 'इथे तोंडात दूध असू नये.' मलपृष्ठाच्या आत डिंकाने चिकटवलेलं कागदी पाकीट, फुगलेलं. ते न उघडता मोहोरबंद केलं. काचेच्या कपाटाची किल्ली घेऊन फर्निचरवाले परगावी गेले होते, म्हणून जप्त ऐवज माझ्या घरी, माझ्या लोखंडी ट्रंकेत ठेवला.

त्या दिवसापासून नात माझ्याशी बोलेना. गृहपाठ मात्र ती त्या ट्रंकेवर बसून करू लागली. सूनबाई इतकी वर्षं माझ्याशी कधी आवाज चढवून बोलली नव्हती. त्या दिवशी पोळपाट खाली ठेवून बाहेर आली. "बाबा, चार वर्षं मी हिच्या मागे लागलेय, पुस्तक हातात धर, पुस्तक हातात धर. आत्ता कुठे धरलं होतं. जेवताना धरलं, दात घासताना धरलं, आणि तुम्ही जप्त केलंत?"

मी तिला समजावलं की घरच्यांना सवलत दिली तर कायद्याला अर्थ राहत नाही. ती "बरं" म्हणाली. आमच्या घरात 'बरं' हा फार वाईट शब्द आहे.

पुढच्या आठवड्यात नातीने आपण होऊन 'आपला मित्र शिस्त' आणलं. रोज संध्याकाळी ती माझ्यासमोर बसे, पहिलं पान उघडे, आणि पुस्तकावरून माझ्याकडे बघत राही. पान उलटत नसे. चौदा दिवसांनी पुस्तक परत गेलं, वजन तंतोतंत. मी त्यावर सही केली. मला फार वाईट वाटलं. हे मी कुठेही नोंदवलेलं नाही, कारण नोंदवहीत तसा रकाना नाही. इथे लिहून ठेवतो.

जप्तीच्या कागदांत एक रकाना भरायचा राहिला होता: 'दोषाचे नेमके स्वरूप (पृष्ठनिहाय)'. वार्षिक सभेपूर्वी तो भरणं भाग होतं. म्हणून एका दुपारी, घरात कुणी लक्ष देत नाही असं पाहून, मी ट्रंक उघडली आणि पान एकपासून तपासणी सुरू केली. दीपगृहाचा म्हातारा रखवालदार एक शेळी पाळतो. शेळीला कागद खायची खोड. बंदरात येणाऱ्या प्रत्येक कप्तानाचा नकाशा ती खाते, आणि नकाशा गेल्यामुळे त्यांना कुठे जाता येत नाही, म्हणून एकट्या रखवालदाराकडे रोज कुणीतरी मुक्कामाला असतं. तपासणीच्या दृष्टीने यात दोष काहीच सापडेना. पान एक्केचाळीसवर वरून अधिकारी येतात. शेळीची चौकशी होते. अधिकारी चौकशीचे कागद शेळीसमोर ठेवून चष्मा शोधायला वळतात.

सूनबाई स्वयंपाकघरातून धावत आली. "बाबा, काय झालं? ठसका लागला का? पाणी देऊ?"

मी हातानेच नको म्हटलं. बोलता येत नव्हतं. समासातली सूचना मी आधी वाचली होती, पण तिच्यात फक्त दुधाचा उल्लेख होता आणि माझ्या तोंडात चहा होता. पान एक्केचाळीस व बेचाळीस यांवर त्याची नोंद झाली.

पुढे म्हातारा आजारी पडतो, आणि शेळी एकटी होडीत बसून पलीकडच्या गावातून डॉक्टर आणायला निघते. धुकं पडतं. दिवा लावायला कुणी नाही. पान चौऱ्याण्णवच्या शेवटच्या ओळीत म्हातारा कसाबसा जिना चढायला लागतो. मी पान उलटलं. पुढे मलपृष्ठ होतं.

शेवटचं पान नव्हतं. माझ्या नोकरीत एकही तपासणी अर्धवट राहिलेली नाही. मी चपला घालून तडक वाचनालयात गेलो. बाई शांतपणे म्हणाल्या, "ते पान चौथ्या वाचकाकडे असतानाच गेलं. त्याच्या धाकट्या बहिणीने खाल्लं."

"खाल्लं?"

"दीड वर्षाची आहे. पुस्तक तिलाही आवडलं."

पुस्तकविक्रेत्याकडे दुसरी प्रत नव्हती. प्रकाशकाला पत्र टाकलं, ते 'या पत्त्यावर कुणी राहत नाही' असा शेरा घेऊन परत आलं. दरम्यान मला स्वस्थ बसवेना. ती शेळी परत आली की नाही? जेवताना मी नातीकडे पाहत होतो आणि ती माझ्याकडे, आणि मला एकदम कळलं की या पोरीला मी तीन आठवडे नेमक्या याच धुक्यात बसवून ठेवलंय. दुसऱ्या दिवशी पुन्हा बाईंकडे गेलो. बाई म्हणाल्या, "साहेब, तुम्ही पाकीट उघडलंच नाहीत का?"

मी घरी येऊन लाखेची मोहोर फोडली. (कलम नऊचा भंग. माझी नोंद माझ्याविरुद्ध मीच केली आहे.) आत चौदा चिठ्ठ्या होत्या. शेवट नाही म्हटल्यावर पाचव्या वाचकाने आपला शेवट लिहून पुढच्यासाठी ठेवला होता. सहाव्याने तो वाचला, त्याला पटला नाही, त्याने आपला लिहिला. मुलांनी मग तो प्रघातच पाडला होता: आधी पुस्तक वाचायचं, मग आपला शेवट लिहायचा, मगच आधीच्यांचे उघडायचे. कुणी हा नियम मोडलेला दिसला नाही. त्यासाठी समिती नव्हती. काही चिठ्ठ्या जशाच्या तशा देतो.

'शेळी परत आली पण डॉक्टरने तिची दाढी काढली होती म्हणून कुणी ओळखलं नाही.'

'शेळी होडी खाते. मग पोहत येते. मग बरेच दिवस काही खात नाही.'

'मला खरा शेवट माहीत आहे. सांगणार नाही.'

'शेळी मरते. माफ करा.' (याखाली दुसऱ्या अक्षरात: 'नाही मरत. गप्प बस.')

'ती येत नाही. म्हणून दिवाच तिला आणायला जातो.'

सर्वांत मोठी चिठ्ठी सहा पानांची होती, मुंगीएवढ्या अक्षरात, दोन्ही बाजूंनी. ती अध्यक्षांच्या नातवाची होती. ज्याला वाचनाची रतीभर आवड नाही म्हणून अध्यक्ष गेली दोन वर्षं प्रत्येक भाषणात नाव न घेता ज्याचं उदाहरण देतात, तोच हा. चौदा चिठ्ठ्यांचं वजन केलं. सतरा ग्रॅम भरलं. बाकी बिस्किटं वगैरे.

वार्षिक सभा वाचनालयाच्या मोठ्या खोलीत झाली. वरचे अधिकारी मानपत्र घेऊन आले होते. मागच्या भिंतीला टेकून पालक, पुढे सतरंजीवर मुलं. माझी नात पहिल्या रांगेत होती आणि टक लावून माझ्या पिशवीकडे बघत होती. विषयपत्रिकेवर तिसरा विषय: 'सदोष पुस्तक वितळवणे'. पुस्तक वितळत नाही हे फर्निचरवाल्यांनी लक्षात आणून दिल्यावर, त्याऐवजी लगद्याच्या कारखान्यात पाठवावं अशी दुरुस्ती आली. बाईंना राहवलं नाही. त्या उभ्या राहिल्या. "एकशे बारांतलं हे एकच पुस्तक मुलांनी वाचलंय."

"तेच तर," अध्यक्ष म्हणाले. "एका पुस्तकापायी सगळी सरासरी बिघडते."

अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले की नष्ट करण्यापूर्वी आपल्यासमोर एकदा वजन होऊ द्या, म्हणजे कागद पुरा होईल. टेबलावर तराजू आणला. मी पुस्तक पिशवीतून काढून पारड्यात ठेवलं. त्या क्षणी त्याचं खरं वजन दोनशे पंधरा होतं. (चहा, आणि एक पंधरावी चिठ्ठी.) दुसऱ्या पारड्यात मी वजनं ठेवली, अंगरख्याची बाही नीट केली, आणि हात टेबलावर टेकला. माझी करंगळी तशी लांब आहे. एकतीस वर्षं ती माझ्यासोबत चारशे दुकानांत हिंडली, पण पारड्याखाली कधी गेली नव्हती. काटा हलला, थोडा थरथरला, मध्यावर थांबला.

"एकशे पंच्याऐंशी," मी खणखणीत आवाजात वाचलं.

बाईंची चूक मी केली नाही. ओल्या हवेचा एक ग्रॅम सोडला.

मी निवेदन केलं की मागील तपासणीच्या वेळी तराजूत दोष होता, पुस्तक निर्दोष आहे, सबब जप्ती उठवण्यात येत आहे. अधिकाऱ्यांनी सही केली. मानपत्र अध्यक्षांना मिळालं आणि भाषणही पूर्ण झालं. बाई माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाल्या, "साहेब, काटा बरोबर आहे ना?"

"तंतोतंत," मी म्हटलं. माझे कान तापले होते, आणि मला इतकं हलकं वाटत होतं की सांगता सोय नाही.

नातीने घरी येईपर्यंतही धीर धरला नाही. वाचनालयाच्या पायरीवरच बसून तिने चोवीसपैकी बावीस पानं वाचली, गुडघ्यावर कागद ठेवून आपला शेवट लिहिला (मला दाखवला नाही), आणि मग पाकीट उघडलं. मी शेजारी उभा राहून समोरच्या दुकानाची पाटी वाचत होतो. बराच वेळ झाल्यावर तिने एक चिठ्ठी वर धरली.

"आजोबा, हिच्यावर जावक क्रमांक कुणी घातलाय?"

"असेल कुणी," मी म्हटलं.

ती मोठ्याने वाचू लागली. "'शेळी डॉक्टरसह परत आली. तिचं वजन केलं. दोन किलो वाढ आढळली. वाटेत धुकं खाल्लं असावं. कारवाईची आवश्यकता नाही.'" मग जप्तीनंतर पहिल्यांदा तिने माझा हात धरला. नेमकी करंगळीच धरली.

समिती अर्थातच चालू आहे. मानपत्र मिळालेली समिती कुणी बरखास्त करत नाही. तिच्या कार्याचा हा वृत्तांत सर्व पालकांना आणि वाचनाबद्दल कळकळ असणाऱ्या इतर मोठ्या माणसांना वाटावा असं ठरलं, म्हणून तो छापला आहे. छापखान्यातून बाहेर पडताना प्रत्येक प्रत मी स्वतः तोललेली आहे. तुमच्या हातातली प्रत एकसष्ट ग्रॅमची आहे. तुम्ही ती इथपर्यंत वाचलीत असं मी गृहीत धरत नाही. पुष्कळजण पहिलं पान चाळून शेवट बघतात आणि मग मुलाच्या अंगावर ओरडायला जातात. तरी महिनाभराने तिचं पुन्हा वजन करा. तेव्हाही एकसष्टच भरलं तर आपलं नाव जरूर कळवा. अध्यक्षांची प्रकृती बरी नसते, आणि त्यांच्या जागी आम्हाला तुमच्यासारखंच कुणीतरी हवं आहे.

वजन करताना पारड्याखाली बोट घालू नका. मला कळतं.